कुमुदला फिट येतंय

“तुमच्या घरात कांदा किती लागतो हो, पाव्हणं?”

बजरंगमामांनी हा प्रश्न विचारला तेव्हा पोह्यांच्या बश्या नुकत्याच पुढे आल्या होत्या. पोह्यांत कांदा कमी पडला असावा, असा माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, समज झाला. त्यांनी लगबगीने आत आवाज दिला, “अगं, कांदा आण चिरून!”

“चिरून नको,” मामा गंभीरपणे म्हणाले. “अख्खा असतो का? हाताशी?”

“पोतं हाय की परड्यात.”

मामांनी शेजारी बसलेल्या आपल्या भगिनीकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. भगिनींनी हुंकार दिला. या भगिनी म्हणजे इंदुमतीबाई, माझी धाकटी बहीण कुमुद हिच्या नियोजित सासूबाई. साखरपुडा होऊन गेला होता, तिथी धरली होती, मांडवाचे बांबूदेखील सांगून झाले होते. अशा समयी वरपक्षाने आगाऊ न कळविता यावे आणि कांद्याची चौकशी करावी, याचा अर्थ आमच्यापैकी कोणासही लागेना.

“आन चपला कुठं काढता? उंबऱ्याच्या आत का भायेर?” मामांनी पुढे विचारले.

“भायेर.”

“पण एखादी आत ठेवत असाल. लागली तर असावी म्हणून.”

“घरात चप्पल कशाला लागंल, पाव्हणं?”

मामांनी पोह्यांची बशी न उष्टावताच खाली ठेवली. “आप्पा, आता आडपडदा नको. पोरीला फिट येती, हे तुमी आमच्यापासनं लपवून ठेवलं.”

आत स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकाएकी बंद झाला.

ज्या वाचकांस ही रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी नमूद करतो की, आमच्या भागात कोणास फिट आली, म्हणजे शुद्ध हरपून हातपाय झाडू लागले, की भोवतालची मंडळी त्याच्या नाकाशी कांदा अथवा चप्पल धरतात. वैद्यकशास्त्रास या उपायाचा पत्ता नाही, तथापि शास्त्र पोहोचेपर्यंत चप्पल पोहोचलेली असते. आणि त्या काळी मुलीच्या नावास हा शब्द एकदा चिकटला की तिचे लग्न तर मोडेच, पण तिच्या मावसबहिणींची नि चुलतबहिणींचीही अडून राहत. व्याधी एकीस आणि पथ्य समस्त गोतास, असा तो प्रकार होता.

“कुणी सांगितलं हे?” आप्पांनी विचारले.

“तुमच्याच पेठेत, बाबालाल टेलरनं,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “मी सोता बाकड्यावर बसले होते. म्हटलं, लग्नाची पोलकी शिवायची, पोरीचं माप हाय का? तर म्हणला, हाय, पण जुनं माप घिऊ नका, तिला फिट येतंय. दिवाळीला आलं, पाडव्याला आलं. पाडव्याला तर असं आलं की पोरीला दम घेता येईना. आईनं घरी न्हेऊन सोडवलं. मी म्हटलं, अगंबाई, आन आता? तर म्हणतो, वाढतं वय हाय बाई, फिट येणारच.”

मला क्षणार्धात सर्व उलगडा झाला. माझे शालेय शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे. मी पिठाची गिरणी चालवितो. परंतु नगरवाचनालयाचा मी शाळा सुटल्यापासूनचा वर्गणीदार आहे आणि भाषेच्या बारकाव्यांकडे माझे लक्ष असते. मी पुढे सरून म्हणालो, “मावशी, तो नक्की ‘येतंय’ म्हणाला का ‘येती’ म्हणाला?”

“त्यात काय फरक हाय रं?”

“सगळाच फरक आहे. झटका असेल तर ‘फिट येती’ म्हणायचं. पोलकं असेल तर ‘फिट येतंय’. एक स्त्रीलिंगी आहे. दुसरं नपुंसक—”

“बघा!” मामा ताडकन उठले. “बघा, आता नपुंसक कोण हे काढाया लागला! आमच्या सदानंदाबद्दल काय म्हणायचंय तुला? बोल सरळ!”

व्याकरणाचा प्रांत मी तत्काळ सोडून दिला आणि सायकल काढून बाबालाल मास्तरांना आणावयास गेलो.

बाबालाल मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून आले. हकिगत ऐकून ते प्रथम हसले, नंतर कोणीच हसत नाही असे पाहून गंभीर झाले. “अल्लाकसम, मी पोलक्याचं बोललो. आमच्या धंद्यात फिट म्हंजे तंग. काखेत काचतंय, हुक लागत न्हाईत. पोरीचं अंग भरलं, त्यात पोरीची काय चूक?”

“आता पोलक्यावर ढकलू नगासा,” मामा म्हणाले. “तुमी एका गावचे. आदी खरं बोलला, आता फितूर झाला.”

मास्तरांना फितूर हा शब्द लागला. “तुमचा पोरगा काय करतो म्हणायचा?”

“फिटर हाय. कारखान्यात. परमनंट.”

“फिटर? मग त्याला तर रोजच येत असंल!”

यानंतर बराच वेळ कोण काय बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. अखेर मामांनी निर्वाणीची अट घातली. डॉक्टरचा दाखला पाहिजे, तोही इंग्रजीत. येत्या रविवारी ते स्वतः वाचणार. मामा एका सहकारी संस्थेत शिपाई होते आणि साहेबांच्या मेजावरील इंग्रजी कागद नित्य उचलून ठेवीत असल्यामुळे ती भाषा आपल्या हाताखालची आहे असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

कुमुदला घेऊन मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, “काय होतंय?”

“काही नाही,” कुमुद म्हणाली.

“मग आलात कशाला?”

“काही होत नाही, असं लिहून पाहिजे.”

“लग्न ठरलंय वाटतं,” असे म्हणून डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, आजवरची दुखणी विचारली आणि कागद पुढे ओढला. कुमुदने मध्येच विचारले, “डॉक्टर, आणि मला खरंच येत असती तर?”

“तर गोळ्या दिल्या असत्या. माझ्याकडे कितीतरी येतात. संसार करतात, शेती करतात. एक जण तर शाळेत हेडमास्तर आहे.”

“हे पण त्यात लिहाल?”

“हे कोणी मागत नाही, बाळ,” डॉक्टर म्हणाले.

मी विनंती केली की, दाखला मराठीत मिळाल्यास उत्तम. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “मराठीत दिला तर खरा कोण मानील?” त्यांनी इंग्रजीतच लिहिला, सही केली आणि वर शिक्का उमटविला.

रविवारी मंडळी आली. या वेळी सोबत नवरदेवही होता. सदानंद हा गोरागोमटा, भांग चापून पाडलेला, अत्यंत सभ्य तरुण. तो खुर्चीवर बसला आणि चहा बशीत ओतून फुंकर घालू लागला. आईने बाबालाल मास्तरांनाही बोलावून घेतले होते. ते उंबऱ्याशी बसले. मामांनी चष्मा चढविला, दाखला उजेडात धरला आणि एकेक अक्षर सुटे करीत वाचन आरंभिले.

“मिस... कुमुदिनी... हिचं नाव हाय. इज... इज म्हंजे हाय... फि... फि...” मामा थबकले. त्यांचा चेहरा विजयाने उजळला. “इज फिट! घ्या! डॉक्टरनंच लिहून दिलंय! वर शिक्का हाय!”

“अगंबाई!” इंदुमतीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“अहो, तो वेगळा फिट!” मी म्हणालो. “तिथं फिट म्हणजे धडधाकट, निरोगी, लायक.”

“मागल्या खेपेला तंग होतं, आता धडधाकट झालं? तुझ्या घरात ह्या शब्दाला कितींदा कपडे बदलाया लावतोस?”

मी याची तजवीज करून ठेवली होती. वाचनालयातून इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला होता. मी तो उघडून मामांच्या मांडीवर ठेवला आणि वाचून दाखवू लागलो. फिट म्हणजे योग्य. फिट म्हणजे सुदृढ. फिट म्हणजे मापात बरोबर बसणारा. फिट करणे म्हणजे यंत्राचा भाग जागी बसविणे—

“आन हे काय?” मामांचे बोट त्या रकान्याच्या पहिल्याच ओळीवर रोवले गेले होते.

“अपस्माराचा झटका. तो एक निराळा अर्थ आहे.”

“म्हंजे अर्थ हाय! छापलेला हाय! आन पयला हाय!”

“शब्दाला अनेक अर्थ असतात, मामा. इंग्रजांनी तो घट्ट बसण्यासाठी वापरला, आपल्याकडे फिटणं म्हणजे सुटणं. कर्ज फिटतं, नवस फिटतो, गाठ फिटते—”

“सोयरीक फिटती का?” इंदुमतीबाईंनी मध्येच विचारले. त्या पुढे म्हणाल्या, “भाऊ, आमाला एका अर्थाची सून पायजे. इतक्या अर्थांची आणून आमी ठेवायची कुठं? आमचं घर दोन खोल्यांचं.”

आप्पांनी शेवटची आशा म्हणून सदानंदाकडे हात जोडले. “जावईबापू, तुमी तर फिटर. तुमी तरी सांगा, शब्दाचा काय अर्थ ते.”

सदानंदाने बशी खाली न ठेवता क्षणभर विचार केला. “आमच्यात फिट म्हंजे नट-बोल्ट,” तो म्हणाला. “पण घरातलं मामा बघतात.”

“मामा काय म्हणतील तसं?”

“व्हय.” आणि त्याने फुंकर घातली.

मामांनी चष्मा काढला, घडी घातली आणि न्यायनिवाड्याच्या स्वरात म्हणाले, “आमी काय कसाई न्हाई, आप्पा. पोरीचं वाटोळं व्हावं अशी आमची विच्छा न्हाई. मी आन ताई दोन दीस हितंच मुक्काम करतो. पाळीपाळीनं पोरीवर ध्यान ठेवतो. दिवसा ताई, रातचा मी. आली तर आली. न्हाई आली तर मग लगीन झालंच समजा.”

“ध्यान ठेवणार म्हंजे?” आप्पांनी विचारले.

“तिच्यासमोर बसून राहणार. दुसरं काय?”

“आन तिनं काय करायचं?”

“तिनं आपलं नेहमीचं काम करायचं. आमी न्हाईच असं समजायचं.”

याच सुमारास कुमुद पाण्याचे तांब्या-भांडे घेऊन दारात आली होती. ती मामांकडे पाहत उभी राहिली. मग तिने भांडे हळूच खाली ठेवले, भिंतीस पाठ टेकली, आणि हसू लागली. आरंभी तोंडावर हात होता. नंतर तो सुटला. ती घसरत घसरत भिंतीच्या कडेने खाली बसली, पोट धरून वाकली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि तोंडातून शब्द फुटेना. “दिवसा ताई...” एवढेच तिने दोनदा म्हणण्याचा यत्न केला आणि पुन्हा कोलमडली.

“आली!” मामा ओरडले. “आली, आली! धरा हातपाय!”

“आवो, हसतीया ती!” बाबालाल मास्तर म्हणाले.

“तुमी गप बसा! अशीच सुरू होती!”

मामांनी चपळाईने दाराबाहेर झेप घेऊन आपली चप्पल आणली आणि कुमुदच्या नाकाशी धरली. इंदुमतीबाईंनी पिशवीतून सोबत आणलेला कांदा काढला आणि तो फोडण्यासाठी आमच्याच पाट्यावर आपटला. आई मामांचा हात ओढीत होती, आप्पा नुसतेच “अहो, अहो” करीत होते, मी शब्दकोश छातीशी धरून उभा होतो. चप्पल नाकाशी येताच कुमुद अधिकच हसू लागली, आणि ती जसजशी हसे तसतशी मामा चप्पल अधिक घट्ट दाबीत.

एवढ्या धांदलीत सदानंदाने काय केले? त्याने पाय उचलून खुर्चीवर घेतले. मग कुणाचा धक्का लागून चहा सांडू नये म्हणून बशी दोन्ही हातांनी तोलून धरली, तसाच उठला, आणि उंबऱ्याशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, उरलेला चहा संपविला.

कुमुदने चपलेच्या टाचेवरून ते पाहिले असावे. तिचे हसू थांबले. एकदम, दिवा मालवावा तसे.

ती उठली. पदराने तोंड पुसले. मामांच्या हातातली चप्पल तिने घेतली आणि वाकून त्यांच्या पायांसमोर ठेवली.

“घाला, मामा. येती मला फिट.”

“कुमुद!” आप्पा किंचाळले.

“येती, आप्पा. सगळ्यांनी बघितली की आत्ता. आणि परत पण येईल. ही माणसं घरात दिसली की येईल.”

इंदुमतीबाईंनी कांदा पिशवीत परत टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते. खरे सांगायचे तर समाधान होते. “बरं झालं बाई, पोरीच्याच तोंडातनं आलं. आमचा संशय फिटला.”

मामा दाखला सोबत नेऊ लागले. मी म्हटले, तो आमचा आहे. ते म्हणाले, “पुरावा हाय.” मंडळी निघाली. सदानंदाने रिकामी बशी उंबऱ्याच्या कडेला, कोणाचा पाय लागणार नाही अशा बेताने, नीट ठेवली आणि तो मामांच्या मागून गेला.

आप्पा कुमुदकडे वळून म्हणाले, “नसतं दुखणं अंगाला लावून घेतलंस. आता कोण दारात उभं राहील? तुझ्या काकाच्या पोरी हायत, त्यांचा तरी इचार करायचा. मामा येडा हाय, पोराची आई येडी हाय, समदं कबूल. पण त्या पोरानं बिचाऱ्यानं काय केलं?”

“काही नाही,” कुमुद म्हणाली.

“मग?”

“तेच म्हणते मी, आप्पा. मला येत नव्हती हे तुम्हाला माहीत होतं, दादाला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याला कुठं माहीत होतं? त्याला तर खरीच आली असं वाटलं. आणि त्यानं चहा सांभाळला.”

आप्पांनी उंबऱ्याशी ठेवलेली रिकामी बशी उचलून आत नेली. मी कोश मिटला.

यापुढे घडले ते आप्पांच्या भाकिताप्रमाणेच घडले. आमच्या पेठेत हळदीकुंकवास कुमुद जाऊन बसली की शेजारच्या बाया जरा सरकून बसत. एका काकूंनी तर तिच्या देखत सुनेस आज्ञा केली, “एक कांदा काढून ठेव गं, पाव्हण्या आल्यात.” माझ्या चुलत्यांनी आमच्याकडे येणे सोडले. मामांच्या गावाकडून, म्हणजे इचलकरंजीकडून, आलेले लोक सांगत की, बजरंगमामा तो दाखला आरशासारखा चौकटीत बसवून आल्यागेल्यास दाखवितात आणि म्हणतात, “खोटं असतं तर डॉक्टरनं इंग्रजीत कशाला लिहिलं असतं?” मी अनेकांस कोशातील अर्थ समजावून सांगितले. ऐकणारे मान डोलवीत, आणि जाताना हळूच विचारीत, “पण महिन्यातनं किती वेळा येती?” स्थळे येईनाशी झाली. जी येत ती वेशीवरूनच परत फिरत, कारण वेशीवर आमच्या घराचा पत्ता सांगणारा प्रत्येक जण पत्त्यासोबत आजारही सांगे.

अशी काही वर्षे लोटल्यावर एके दिवशी धोंडीराम लाटवडे नावाचे गृहस्थ आले. मिरजेकडे पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळण्याचे, म्हणजे वायंडिंगचे, त्यांचे दुकान होते. रंगाने सावळे, नखांत काळे वंगण, सोबत मामा नाही, काका नाही. त्यांनी बसताच सांगितले की ते मुलगी पाहण्यास आले आहेत.

आप्पांनी अनुभवाने शहाणे होऊन प्रथमच विषय काढला. “पाव्हणं, वेशीवर तुमाला काही सांगितलं असंल.”

“सांगितलं,” धोंडीराम म्हणाले. “पोरीला फिट येती म्हणाले.”

“ते त्याचं असं झालं.” आप्पा माझ्याकडे वळले. “प्रल्हाद, तो कोश आण. आमच्या गावात एक टेलर—”

“ऱ्हाऊ द्या,” धोंडीराम म्हणाले. “आली तर काय करायचं असतं?”

आप्पा गोंधळले. “आवो, येतच न्हाई तिला. तेच सांगतोय.”

“येत न्हाई ते बरंच हाय. पण आलीच, तर? मी दुकानात असतो, घरात दुसरं कुणी न्हाई. कांदा म्हणतात, चप्पल म्हणतात. मला ह्यातलं काय ठावं न्हाई. आदीच इचारून घ्यावं म्हटलं.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी कोशाकडे पाहिले. आमच्यापैकी कोणाकडेही या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण तो आजवर कोणी विचारलाच नव्हता.

कुमुद स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. तिला बोलावलेले नव्हते. ती म्हणाली, “काही हुंगवायचं नाही. नुसतं जवळ बसायचं. आणि बाकीच्यांना हाकलून द्यायचं.”

धोंडीरामांनी थोडा विचार केला.

“जमेल,” ते म्हणाले.